दारातली गाडी आणि घरातला हिशेब



काही महिन्यांपूर्वी एका रविवारी विहारातील वंदना आटोपून आम्ही चपला पायात घालीत होतो, तोच आमच्या वस्तीतील एक गृहस्थ जवळ आले. नगरपालिकेच्या सफाई खात्यात चौतीस वर्षे चाकरी करून ते नुकतेच निवृत्त झाले आहेत. फंडाची रक्कम हाती आली आहे. बरोबर त्यांची पत्नी होती, आणि चार पावले मागे थोरला मुलगा मान खाली घालून उभा होता. गृहस्थ म्हणाले, "काका, पोरगा गाडी घ्यायची म्हणतोय. ही नाही म्हणते. आठ दिवस घरात धड बोलणं नाही. तुम्हीच काय तो हिशेब करून द्या."

या सदरात आम्ही लग्नाच्या खर्चाविषयी लिहिले, मुलींच्या शिक्षणाविषयी लिहिले, भिशी आणि पतपेढी यांतील फरक सांगितला. मोटारगाडीविषयी लिहिण्याची पाळी आमच्यावर येईल असे मात्र कधी वाटले नव्हते. परंतु आता तो प्रश्न आपल्याही दाराशी आला आहे. आपली मुले शिकली, नोकरीला लागली. शेजारच्या गल्लीत दोन गाड्या उभ्या राहिल्या. वाटेवरच्या प्रत्येक फलकावर "फक्त एवढा हप्ता भरा" असे लिहिलेले दिसते. तेव्हा आम्ही त्या कुटुंबाला घरी बोलावले, चहा ठेवला, आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या बैठकीत जे निघाले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

किती घरांत आहे गाडी?

मुलाचे पहिले वाक्य होते, "काका, आता सगळ्यांकडे गाडी आहे." तेव्हा आम्ही प्रथम हेच तपासायचे ठरवले.

जनगणनेच्या वेळी घरोघर जाऊन घरात कोणकोणत्या वस्तू आहेत हे विचारतात. २००१ च्या जनगणनेत देशातील दर शंभर घरांपैकी अवघ्या अडीच घरांत मोटार, जीप किंवा व्हॅन होती. २०११ च्या जनगणनेत हा आकडा ४.७ झाला. म्हणजे दहा वर्षांत प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले, आणि तरीही शंभरातील पंचाण्णव घरे गाडीवाचूनच होती. संख्येत सांगायचे तर २००१ साली गाडी असलेली घरे सुमारे ४८ लाख होती, ती २०११ साली सुमारे १ कोटी १६ लाख झाली. घरे मात्र देशात साडेचोवीस कोटींहून अधिक होती.

२०२१ ची जनगणना त्या वर्षी झाली नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी म्हणून जी मोठी पाहणी होते, तिच्या २०१९-२१ च्या फेरीत शंभरातील साडेसात घरांत मोटार आढळली. त्याआधीच्या २०१५-१६ च्या फेरीत ती सहा घरांत होती. वाढ आहे, पण "सगळ्यांकडे" हा शब्द खरा नाही. शंभर घरांच्या वस्तीत आठ घरांपुढे गाडी उभी असेल तर आपल्या डोळ्यांना ती आठच दिसतात. उरलेली ब्याण्णव दिसत नाहीत, कारण त्यांच्या दारात काही उभेच नसते!

खेडे आणि शहर यांत तर केवढा फरक! २०११ साली शहरांत शंभरातील ९.७ घरांत गाडी होती, खेड्यांत २.३ घरांत. जनगणना अनुसूचित जातींच्या घरांचे तक्ते वेगळे छापते. त्यांत गाडी असलेल्या घरांचे प्रमाण देशाच्या सरासरीहून कमी आहे, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. अमेरिकेत शंभरातील नव्वदांहून अधिक घरांत स्वतःचे वाहन असते. तिथे ज्याच्याकडे गाडी नाही तो वेगळा पडतो. आपल्या देशात अजून ज्याच्याकडे गाडी आहे तो वेगळा दिसतो.

मग रस्ते इतके तुंबलेले का, असे मुलाने विचारले. प्रश्न रास्त होता. कारण असे की गाड्या सगळ्या देशात सारख्या पसरलेल्या नाहीत, त्या थोड्या शहरांत आणि तिथल्याही थोड्या भागांत गोळा झाल्या आहेत. शिवाय बसच्या जागेत दोन-तीन मोटारी मावतात, पण बसमध्ये साठ माणसे जातात आणि मोटारीत बहुधा एक किंवा दोन. थोड्या घरांच्या गाड्यांनी पुष्कळ रस्ता अडतो तो असा.

गोवा एकीकडे, बिहार दुसरीकडे

राज्याराज्यांतला फरक पाहिला तर आणखी बोध होतो. २०१९-२१ च्या पाहणीत गोव्यात शंभरातील सुमारे पंचेचाळीस घरांत मोटार होती. २०११ च्या जनगणनेत हेच प्रमाण पंचवीसच्या आत होते. केरळात चोवीसच्या आसपास, पंजाब आणि हिमाचल प्रदेश यांत बावीसच्या आसपास. आपल्या महाराष्ट्रात नऊच्या आत. आणि बिहारात केवळ दोन.

हे असे का? नुसता पैसा हे उत्तर पुरत नाही. गोव्यात उत्पन्न जास्त आहे हे खरे, परंतु तिथली वस्ती गावोगाव वाड्यांत विखुरलेली आहे, घराला अंगण आहे, आणि संध्याकाळनंतर बस मिळणे कठीण. केरळात आखाती देशांतून आलेला पैसा आहे आणि तिथेही घरे सलग पसरलेली आहेत. हिमाचलात आगगाडी फारशी नाही, चढ-उताराचे रस्ते आहेत. म्हणजे घरात पैसा, दारात जागा आणि रस्त्यावर बसची टंचाई या तीन गोष्टी एकत्र आल्या की गाडी येते. मुंबईत पैसा आहे, पण लोकल आहे आणि जागा नाही. म्हणून मुंबईतील पुष्कळ सुखवस्तू माणसेदेखील सकाळी लोकलने कामावर जातात.

खरी क्रांती झाली ती दुचाकीची. २००१ साली शंभरातील ११.७ घरांत स्कूटर किंवा मोटारसायकल होती, २०११ साली २१ घरांत, आणि २०१९-२१ च्या पाहणीत जवळजवळ निम्म्या घरांत. आजही एक मोटार विकली जाते तेव्हा चारांहून अधिक दुचाक्या विकल्या जातात. २०२४-२५ या वर्षी देशात सुमारे ४३ लाख मोटारी विकल्या गेल्या, आणि दुचाक्या सुमारे १ कोटी ९६ लाख. कष्टकरी माणसाचे वाहन सायकलीवरून मोटारसायकलीवर आले आहे, मोटारीवर अजून आलेले नाही.

एक गोष्ट आणखी. २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेरचे कामगार कामावर कसे जातात हेही विचारले होते. पायी जाणारे सुमारे साडेचार कोटी निघाले, सायकलीने जाणारे अडीच कोटींहून अधिक, बसने सव्वादोन कोटींहून अधिक. मोटारीने जाणारे पंचावन्न लाखांच्या आत. आमच्या भगिनींनी लक्षात घ्यावे, कामावर जाणाऱ्या स्त्रियांत पायी चालणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांहून जास्त होते. घरात एक वाहन आले की ते बहुधा पुरुषाच्या हाती जाते, हे आकड्यांतही दिसते आणि आपल्या वस्तीतही दिसते.

गाडी सामान्यांपर्यंत आली कशी?

गृहस्थ हे सर्व ऐकत होते. ते म्हणाले, "आमच्या लहानपणी गाडी म्हणजे डॉक्टरची नाहीतर साहेबाची."

ते खरेच होते. १९५१ साली साऱ्या देशात सर्व प्रकारची मिळून मोटार वाहने सुमारे तीन लाख होती. त्यानंतर कित्येक दशके गाडी म्हणजे दोनच नावे प्रामुख्याने डोळ्यांपुढे येत, बंगालमधल्या उत्तरपाड्याची अँबॅसडर आणि आपल्या कुर्ल्याची फियाट, जी पुढे पद्मिनी झाली. किती गाड्या बनवायच्या याला सरकारी परवाना लागे. पैसे असले तरी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. बजाजच्या स्कूटरचेही तेच होते. ती पद्मिनी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने मात्र २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होती. आपल्यापैकी कितीकांनी तिच्यातून बाळंतीण घरी आणली असेल!

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० गाडीची चावी तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते देण्यात आली. किंमत पन्नास हजार रुपयांच्या आसपास. सरकारी कंपनी आणि जपानची सुझुकी यांची ती भागीदारी होती. नोकरदार मध्यमवर्गाच्या दारात गाडी आली ती तेव्हापासून. पुढे १९९१ चे आर्थिक धोरण आले, १९९३ साली मोटार उद्योगाची परवाना पद्धत गेली, परदेशी कंपन्या आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ बँकांचे गाडीकर्ज आले. हे कर्ज येणे ही सर्वांत मोठी गोष्ट. पूर्वी गाडी साठवलेल्या पैशाने घेत, आता पुढच्या पगाराने घेतात.

२००८ साली टाटांनी नॅनो दाखवली. पावसात एका स्कूटरवर बसलेले कुटुंब पाहून ही कल्पना सुचली, असे रतन टाटा सांगत. २००९ साली लाख रुपयांच्या मूळ किमतीला ती बाजारात आली. पण चालली नाही. २०१८ नंतर तिचे उत्पादनही थांबले. का चालली नाही? "सर्वांत स्वस्त गाडी" हे नाव तिला चिकटले, आणि तेच बाधले, असे खुद्द टाटांनीही पुढे म्हटले. आमच्या मते यात मोठा धडा आहे. माणूस गाडी केवळ जाण्या-येण्यासाठी घेत नाही. आपण वर आलो हे चार जणांना दिसावे, यासाठीही घेतो. "स्वस्त" असे कपाळावर लिहिलेली वस्तू त्यासाठी कोण घेणार?

आज तर वारे उलट दिशेने वाहिले आहे. २०२४-२५ मध्ये विकल्या गेलेल्या शंभर गाड्यांपैकी पासष्टच्या आसपास उंच, मोठ्या, जीपसारख्या गाड्या होत्या. लहान गाड्यांचा खप मागे पडला. २०२० च्या एप्रिलपासून धुराचे नियम कडक झाले, सुरक्षिततेचे नियम वाढले, विमा वाढला, त्यामुळे लहान गाडीही महागली. शेवटी २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील जीएसटी २८ टक्के व वर उपकर होता तो १८ टक्क्यांवर आणला गेला. आमच्या या मुलाच्या डोक्यात गाडी शिरली ती याच सुमारास.

बाबासाहेबांचा टांगा

इतके झाल्यावर मुलगा प्रथमच वर मान करून बोलला. म्हणाला, "काका, आकडे बरोबर आहेत. पण मागच्या श्रावणात रात्री दोन वाजता बाबांच्या छातीत दुखलं. तीन रिक्षावाले नाही म्हणाले. बाबांना मोटारसायकलवर मधे बसवून, मागून आईने धरून आम्ही दवाखान्यात नेलं. ते मी विसरू शकत नाही."

खोलीत कोणी काही बोलले नाही. आम्हांलाही लगेच बोलवेना.

वाचकहो, वाहनाचा प्रश्न आपल्या समाजाला निव्वळ चैनीचा कधीच नव्हता. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेला प्रसंग आपणांस ठाऊक असेल. १९२९ साली ते धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. महारवाड्यातील बांधवांनी त्यांना आग्रहाने थांबवून घेतले. स्टेशनवरून वस्तीत न्यायला टांगा ठरवला, परंतु एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. वस्तीतीलच एक जण हाकायला बसला. त्याने कधी टांगा हाकलेला नव्हता. नाल्यावरच्या पुलावर टांगा अडखळला आणि बाबासाहेब खाली फेकले जाऊन त्यांच्या पायाचे हाड मोडले. बॅरिस्टर झालेल्या माणसाची ही गत. त्याहीआधी, १९०१ साली, लहानपणी वडिलांना भेटायला निघालेल्या त्यांना व त्यांच्या भावंडांना मसूर स्टेशनावर गाडीवानाने नकार दिला होता. दुप्पट भाडे घेऊन तो कबूल झाला तो अशा अटीवर की मुलांनी गाडी हाकावी आणि त्याने पायी चालावे!

म्हणून आपल्या मुलाच्या मनात "आपली स्वतःची गाडी असावी" असे आले तर त्याला उधळ्या म्हणून झिडकारू नये. दुसऱ्याच्या मर्जीवर बसणे-उतरणे ज्यांनी पिढ्यान् पिढ्या सोसले, त्यांच्या नातवाला चावी आपल्या खिशात हवीशी वाटणे साहजिक आहे. आम्ही हे त्या मुलाला सांगितले. त्याच्या आईने पदराने डोळे पुसले. मग मात्र तीच म्हणाली, "ते सगळं खरं. आता हिशेब मांडा."

हिशेब

गाडीची किंमत साडेसहा लाख. त्यांतील दीड लाख वडिलांच्या फंडातून भरायचे आणि पाच लाख कर्ज काढायचे, असा बेत होता. मुलाला खासगी नोकरीत महिना चोवीस हजार हातात येतात.

पाच लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने पाच वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे १०,६०० रुपये. तो झेपत नाही म्हणून विक्रेत्याने सात वर्षांचा हप्ता सांगितला होता, सुमारे ८,३०० रुपये. हप्ता कमी झाला म्हणून घरच्यांना हायसे वाटले होते. परंतु पाच वर्षांत व्याज होते सुमारे १ लाख ३७ हजार, आणि सात वर्षांत ते होते १ लाख ९७ हजार. हप्ता लहान करणारा आपल्यावर उपकार करीत नाही, साठ हजार जास्त घेतो. हे प्रत्येक घरात लक्षात ठेवावे.

पुढे पेट्रोल. महिन्याला पाचशे किलोमीटर आणि लिटरला अठरा किलोमीटर धरले, लिटरचे शंभर रुपये धरले, तरी २,८०० रुपये. विमा आणि देखभाल मिळून महिन्याला १,७०० रुपये. गाडी उभी करायला जागा नाही, ती भाड्याने घ्यायची, त्याचे १,५०० रुपये. एकूण झाले १४,३०० रुपये. चोवीस हजारांतून गेले की उरले ९,७००. त्यांत घर, दळण, वीज, औषध!

सात वर्षांचे चौऱ्याऐंशी महिने. त्यांचे झाले बारा लाखांच्या वर, आणि सुरुवातीचे दीड लाख. म्हणजे साडेसहा लाखांची गाडी सात वर्षांत साडेतेरा लाखांना पडते. सात वर्षांनी विकायला काढली तर हाती येईल ते जुन्या गाडीचे मोल. सोने मोडले तर दर मिळतो, जागा विकली तर वाढ मिळते. गाडी शोरूमच्या बाहेर आली की त्याच दिवसापासून उतरू लागते.

जागेचाही विचार करा. एक गाडी उभी करायला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट. आपल्या बीडीडी चाळीतील खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात तीन-तीन पिढ्या वाढल्या, शिकल्या, चळवळीत गेल्या. झोपडपट्टी पुनर्वसनात पुष्कळांना मिळालेले घर २६९ चौरस फुटांचे. त्याच्या निम्मी जागा एका गाडीला लागते!

आईचा प्रश्न

इथवर आई गप्प होती. आता तिने मुलाला विचारले, "गेल्या वर्षी किती दिवस आपल्याला गाडी लागली असती ते मोज."

मुलाने बोटांवर मोजायला सुरुवात केली. मावशीकडचे लग्न, दोन दिवस. गावची पूर्णिमा, दोन दिवस. बहिणीची परीक्षा. वडिलांच्या तपासण्या, चार वेळा. ती एक रात्र. आजीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेले तो दिवस. जमेस धरता धरता अकरा दिवस झाले. दिवसाला अडीच हजार रुपये देऊन गाडी ठरवली तरी साडेसत्तावीस हजार होतात. स्वतःच्या गाडीचा वर्षाचा खर्च एक लाख एकाहत्तर हजार.

"आणि धाकटीची नर्सिंगची फी?" आई म्हणाली. खरी गोष्ट ही होती. फंडातले ते दीड लाख म्हणजे धाकट्या मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाचे पहिल्या वर्षाचे पैसे होते. गाडीविषयीचे भांडण मुळात त्यावरचे होते, आणि आठ दिवसांत ते कोणी उघड बोलले नव्हते. मुलगी आतल्या बाजूला बसून सर्व ऐकत होती.

मुलाने आणखी एक बाजू मांडली. रात्री ॲपवर गाडी चालवून हप्ता काढीन, म्हणाला. या बाबतीत आम्ही आमच्या पाहण्यातले सांगितले. दहा वर्षांपूर्वी या कंपन्या नव्या होत्या तेव्हा चालकांना भरपूर बक्षिसे देत. कित्येक तरुणांनी त्या मिळकतीकडे पाहून कर्जे काढली. पुढे बक्षिसे आटली, कंपनीचा वाटा कापून हाती येणारी रक्कम घटली, हप्ता मात्र तोच राहिला. कितीकांच्या गाड्या ओढून नेल्या. शिवाय घरगुती पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवता येत नाही, त्याला वेगळा परवाना आणि पिवळी पाटी लागते. तो धंदा करायचा तर धंदा म्हणून हिशेब करा, हौसेच्या पाठीवर तो लादू नका.

आमचे म्हणणे

कोणाही वाचकाला गाडी घेऊ नका असे आम्ही सांगत नाही. ज्याच्या घरात अपंग माणूस आहे, ज्याचे काम गावोगाव फिरण्याचे आहे, ज्याच्या मुलांचे शिक्षण मार्गी लागले आहे, त्याने अवश्य घ्यावी. पण चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, निवृत्तीच्या फंडाला गाडीसाठी हात लावू नये. म्हातारपणी तो पैसा पुन्हा उभा राहत नाही.

दुसरी, आधी हप्त्याची तालीम करावी. जेवढा हप्ता भरायचा तेवढी रक्कम दोन वर्षे दरमहा बँकेच्या आवर्ती ठेवीत टाकावी. एकही महिना न चुकता भरली तर गाडी झेपते असे समजावे, आणि पुढे भरायला पैसेही जमलेले असतात.

तिसरी, जुनी गाडी घेताना नोंदणीपुस्तकावर कोणाचे कर्ज नोंदलेले आहे का हे पाहावे. असल्यास बँकेचे ना हरकत पत्र घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. गाडी आणि विमा दोन्ही विनाविलंब आपल्या नावावर करून घ्यावेत. नुसत्या स्टँप पेपरवर व्यवहार करून गाडी फिरवणे म्हणजे संकटाला आमंत्रण. अपघात झाला तर जुना मालक आणि नवा मालक दोघेही कोर्टाच्या खेपा घालतात.

चौथी, घरात गाडी आली तर घरातील मुलीलाही ती चालवायला शिकवावी.

आणि एक सर्वांसाठी. २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत शंभरातील चव्वेचाळीस दुचाकीवरची होती आणि एकोणीसच्या वर पायी चालणारी. मोटारीतली तेराच्या आत. रस्ता रुंद होतो तो मोटारीसाठी, मरतो तो चालणारा. म्हणून गाडी घेणे हा आपला घरगुती प्रश्न असला तरी बस आणि पदपथ हा आपला सार्वजनिक प्रश्न आहे. मुंबईत बेस्टच्या गाड्या एके काळी चार हजारांच्या वर होत्या, त्या आता तीन हजारांच्या खाली आल्या आहेत. एसटीत १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट झाले, पण गावात फेरीच येत नसेल तर अर्ध्या तिकिटाचे करायचे काय? नगरसेवक मते मागायला येईल तेव्हा समाजमंदिराबरोबर बसची फेरीही मागावी. बस ही बिनगाडीच्या ब्याण्णव घरांची गाडी आहे.

पुढे काय झाले हे वाचक विचारतील. धाकट्या मुलीची फी भरली गेली. घरच्यांनी वस्तीतील दोन ओळखीच्या रिक्षावाल्यांचे फोन नंबर आणि रुग्णवाहिकेचा १०८ नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिला, रात्री केव्हाही येईन असे एकाकडून कबूल करून घेतले. मुलाने आठ हजारांची तालीम सुरू केली. पहिले दोन महिने पूर्ण भरले, तिसऱ्या महिन्यात तीनच हजार भरता आले. परवा तो आम्हांला भेटला तेव्हा हे त्याने स्वतःहून सांगितले. "काका, कर्ज असतं तर या महिन्यात वसुलीवाला दारात असता," म्हणाला. आणि मग हसून, "पण चौथ्या महिन्यात पुन्हा आठ भरलेत."

त्याने तालीम सोडलेली नाही. दोन वर्षांनी तो गाडी घेईलही, आणि घेतली तर आम्ही तिच्यात बसून चैत्यभूमीला जाऊ. तोवर आमचा लोकलचा पास आहेच.

पुढील अंकी भेटूच. जय भीम.